दारावरच्या दोन थापा

“मामा, तुम्ही रिटायर झालाय न्हवं? मग रोज हितं कशाला येऊन बसताय? कामाची आठवण येती काय?”

शांभवीनं एका दमात विचारून टाकलं. मागं खांबाआड वर्षाराणी आणि क्रांती तोंडावर ओढणी दाबून उभ्या होत्या. पैज भेळेची होती. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर, फलाट सातच्या बाकड्यावर रोज संध्याकाळी बसणाऱ्या त्या मिशाळ माणसाला जी हे विचारेल, तिला उरलेल्या दोघींकडून भेळ. शाळा सुटल्यावर हुपरीच्या गाडीची वाट बघणाऱ्या तमाम पोरींना या माणसाची धास्ती होती. गाडी फलाटाला जरा तिरकी लागली की हा उठून ड्रायव्हरला झापायचा, आणि ड्रायव्हरही निमूट गाडी मागं घेऊन सरळ लावायचे. मागच्या वर्षीची शांभवी असती, तर ती स्वतःच खांबाआड राहिली असती. पण दिवाळीनंतर तिनं वक्तृत्वात पहिला नंबर काढला होता, आणि तेव्हापासून तिला जगातल्या कुठल्याही माणसाशी बोलता येत होतं.

मिशाळ माणसानं तिच्याकडं बघितलं. मग खांबाकडं.

“पैज कशाची?”

“…भेळेची.”

“मग अर्धी माझी.”

भेळ आली, चौघांत वाटली गेली, आणि मिशांच्या आतलं माणूस तर भलतंच मऊ निघालं. नाव पिराजी. गारगोटीची गाडी चालवायचे, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी कराडला दिलेली. गाडी चालवायची आठवण त्यांना अजिबात येत नव्हती. त्या क्लचपासून सुटका झाली म्हणून त्यांच्या गुडघ्यांनी देवाला नारळ फोडला असेल, असं ते म्हणाले.

“मग येता कशाला?” शांभवीनं पुन्हा विचारलं. अर्धी भेळ गेली होती, आता उत्तर तरी पुरतं पाहिजे होतं.

पिराजींनी हनुवटीनं वरचा स्पीकर दाखवला. त्यातून यंत्रातली बाई राधानगरीची गाडी सांगत होती, सपाट आवाजात.

“आता हे यंत्र बोलतंय. आधी हितं खरोखरच्या एक बाई बोलायच्या. ‘गारगोटी’ असं म्हणायच्या… ‘गा’वर एवढंसं थांबून. वाटायचं, आज गारगोटीला गेलं की कायतरी चांगलं होणार. एवढी वर्षं गेलो, काय सुदीक झालं न्हाय. पण रोज वाटायचं.”

“मग भेटला न्हाय कधी त्यांना?”

पिराजी हसले. गाडीची नोंद करायला बाईंच्या खोलीच्या खिडकीपाशी कंडक्टर जातो, ड्रायव्हर आपला सीटवर, असं त्यांनी समजावून सांगितलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीची पायरीही ते चढले नव्हते. गाडी पुकारली की कोपर बाहेर काढून दारावर दोन थापा मारायच्या, ऐकलं म्हणून. तिथून त्या बाईंना काय दिसतंय, पण सवय.

शांभवीच्या तोंडातले चिरमुरे तसेच राहिले. कारण ‘गा’वर एवढंसं थांबणारा तो आवाज तिनं त्याच दिवशी सकाळी ऐकला होता. ‘गाजर खा डब्यातलं’ म्हणाला होता.

तो आवाज तिच्या आत्याचा होता.

रत्नव्वा आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. वडील लवकर गेले, तेव्हा ती कोवळ्या वयात एसटीत लागली आणि धाकट्या भावाला तिनं शिकवलं, हुपरीत चांदीचा धंदा काढून दिला, त्याचं लग्न लावलं. तिचं स्वतःचं लग्न मात्र कुठल्याच फलाटाला लागलं नाही. तीन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली, तेव्हा पप्पांनी गल्लीभर पेढे वाटून जाहीर केलं की अक्कानं आता नुसतं बसून राहायचं. मायेनंच म्हणाले होते. आणि अक्का खरंच बसून राहिली. पुढच्या खोलीत पप्पा पैंजण जोडायचे, आत्या त्यांना घुंगरू लावायची आणि दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलायची.

त्या संध्याकाळी शांभवीनं दप्तरही न उतरवता विचारलं, “आत्या, तुला कामाची आठवण येती?”

“छे. कान किटले होते.”

“गारगोटीच्या गाडीचे ड्रायव्हर भेटले आज.”

आत्याच्या हातातलं घुंगरू सुटलं आणि टेबलाखाली किणकिणत गेलं.

“कोण… कोपर?”

म्हणाली आणि एवढी लाजली की शांभवीला तिची आत्या जुन्या फोटोतल्यासारखी दिसली. मग हळूहळू निघालं सगळं. खोलीच्या खिडकीतून समोरचा खांब आडवा यायचा. ड्रायव्हरचं तोंड म्हणून कधी दिसायचं नाही. दिसायचं ते नुसतं कोपर, नीट दोन घड्या घातलेल्या बाहीतलं. ती पुकारायची, कोपर हलायचं, दारावर दोन थापा पडायच्या. सबंध स्टँडवर तिला उत्तर देणारं तेवढंच एक माणूस.

“बदलीचा ड्रायव्हर आला ना, की दुपारचा चहा जायचा न्हाय मला,” आत्या म्हणाली आणि चटकन पप्पांकडं बघितलं. पप्पा पैंजणाच्या जोडाला डाग लावण्यात गुंग होते.

दोनच दिवसांत आत्याच्या चष्म्याची काडी ढिली झाली. ती म्हणे कोल्हापूरलाच नीट होते. काडी आवळायला इरकल नेसून कोण जातं, असं मम्मीनं विचारलं, तेव्हा आत्याला एकाएकी कमी ऐकू यायला लागलं.

फलाट सातवर पिराजी नेहमीच्या जागी बसले होते. शांभवीला वाटलं होतं, आपण मध्ये उभं राहून ओळख करून द्यावी, दोन शब्द बोलावेत. तिची तयारी झाली होती. पण आत्यानं तिला हातानंच थांबवलं. बाकड्याच्या मागं जाऊन उभी राहिली, पदर सारखा केला, आणि…

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कोल्हापूरहून गारगोटीला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागत आहे.”

माइक नाही, काही नाही. नुसता आवाज. एक म्हातारी बोचकं उचलून उठली. एक जोडपं पळत आलं. यंत्रातल्या बाईवर कुणी कधी एवढा विश्वास ठेवला नव्हता.

पिराजींनी मागं वळून बघितलं नाही. त्यांचा हात तेवढा बाजूला गेला, आणि बाकड्यावर दोन थापा पडल्या. सावकाश.

“मला वाटायचं, बाई उंच असतील,” मग वळून बघत ते म्हणाले.

“आणि मला वाटायचं, तुम्ही नुसतंच कोपर आहात. त्याला पुढं माणूस लावलंय, हे आज कळलं.”

“कसं काय हाय माणूस?”

“मिशा जास्त आहेत.”

पुढच्या वेळी मिशा निम्म्या होत्या.

पुढची वेळ येत राहिली. आत्याच्या चष्म्याला भलतीच दुखणी लागली. उसाचा हंगाम जोरात होता. रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर, हुपरीची गाडी रोज उशिरा, आणि या दोघांना त्याचं अजिबात दुःख नव्हतं. शांभवी पलीकडच्या बाकड्यावर भूगोलाचं पुस्तक उघडून बसायची. भूगोल काही पुढं सरकत नव्हता. कान मात्र पुरता अभ्यास करत होते.

एकदा चहा पिता पिता आत्या म्हणाली, “खरं सांगू? आठवण येते मला कामाची. मी बोलले की अख्खं स्टँड उठायचं. आता घरात बोलले तर मांजर सुद्धा उठत न्हाय.”

पिराजींनी चहाचा कप खाली ठेवला. उठून उभे राहिले.

“उठलो. कुठं जायचं सांगा.”

आत्या हसली. एवढी मोठ्यानं हसली की शेंगदाणेवाला थांबला. शांभवीनं भूगोल तोंडासमोर धरला. कारण आता हसू तिलाही आवरत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी कशाला येत होतं, ते तिला कळत नव्हतं.

मग तो शुक्रवार आला. पिराजी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, बाहीला नीट दोन घड्या. वारणानगरच्या एका शाळेला बससाठी ड्रायव्हर पाहिजे होता, राहायला जागाही देणार होते. त्यांना बोलावणं आलं होतं, सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

आत्याचा चेहरा उतरला. “चांगलं झालं की,” ती म्हणाली. अगदी यंत्रातल्या बाईसारखी.

“पुरतं ऐका तरी. लहान पोरं हायत बसमध्ये. स्टॉप आला की नाव घेऊन हाक मारायला, हात धरून उतरवायला एक बाई लागत्यात. शाळेनं मलाच विचारलंय, हाय का कुणी ओळखीचं.” पिराजींनी घसा साफ केला. “मी चालवतो. तुम्ही पुकारा.”

“नोकरी देताय का मागणी घालताय?”

“दोन्ही. एकाच तिकिटात.”

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“मटण खाता?”

“खातो की. कोल्हापूरचा हाय.”

“माझ्या घरात शिजणार न्हाय.”

“बाहीर खाईन. हात धुऊन येईन. वाटल्यास बडीशेप खाऊन येईन.”

“…दोनदा धुवायचे.”

“दोनदा धुतो.”

हाच होकार होता. शांभवीनं भूगोल मिटला. पण तेवढ्यात आत्या म्हणाली की तिच्याकडून व्हय, पण भावाला सांगायला तिला तोंड नाही. त्यानं गल्लीभर पेढे वाटलेत, अक्काला आता सुखात ठेवणार म्हणून. ही निघाली तर त्याला वाटेल, आपलंच काही चुकलं. पिराजींनी बाहीची घडी सारखी केली. मग म्हणाले, “तुम्ही न्हाय तर मी पण न्हाय जाणार. सोमवारी तसं कळवतो. तुमच्या रिकाम्या खोलीसमोर लई गाड्या काढल्या शेवटी शेवटी. आता न्हाय जमायचं.”

शनिवारभर आत्या सांगायचा प्रयत्न करत होती. शांभवीला मोजता येईना, इतक्यांदा. आत्या पप्पांसमोर जायची, तोंड उघडायची, आणि तोंडातून ‘चहा टाकू?’ यायचं. सगळ्या जिल्ह्याला वाट दाखवलेला आवाज भावासमोर पार बसला होता.

रविवारी सगळे जेवायला टेबलापाशी बसले. पप्पांनी भाकरी मोडली. आत्यानं श्वास घेतला… आणि म्हणाली, “चटणी दे.”

मग तिनं शांभवीकडं बघितलं. माइककडं बघावं तसं. मान एवढीशी हलवली.

शांभवी उभी राहिली. 

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. हुपरीहून वारणानगरला जाणाऱ्या रत्नव्वा आत्या लग्नासाठी फलाटावर लागल्या आहेत. सोबत पिराजी मामा. गाडी वेळेवर सुटेल.”

पप्पा उठून उभे राहिले. हातात भाकरीचा तुकडा तसाच.

“कोण पिराजी?”

“चष्म्याची काडी,” मम्मी हळूच म्हणाली आणि भाताकडं बघत हसली.

पप्पांचं लक्ष नव्हतं. ते बहिणीकडं बघत होते. “अक्का… आम्ही काय कमी केलं गं?”

“काय न्हाय रे कमी केलंस. लई सुखात बसवलंस.” आत्याचा आवाज परत आला होता, तोच, भरलेला. “मला उभं राहायचंय.”

आणि तिनं टेबलावर दोन थापा मारल्या.

पप्पा परत खाली बसले. भाकरीच्या तुकड्याचा हातातच चुरा झाला. मग नाक ओढून त्यांनी विचारलं, “मटण खातोय काय त्यो?”

“बाहेर खाणार. हात दोनदा धुणार,” शांभवी म्हणाली. “सगळं ठरलंय. आणि मम्मी-पप्पा, माझं पण ठरलंय. करवली मीच होणार. पप्पा, आत्याचे पैंजण तुम्ही करायचे, आणि घुंगरू जरा जास्त घाला. शाळेच्या बसमध्ये ऐकू गेलं पाहिजे.”