‘से फिलो’चं भाषांतर

ग्रीसमधल्या सीरोस बेटावर, धक्क्यासमोरच असिमिनाचं लुकुमीचं दुकान होतं. गुलाबपाण्याच्या मऊ वड्यांवर पिठीसाखर भुरभुरून झाली, की ती गल्ल्यामागे जुन्या महाकाव्याचं आजच्या ग्रीकमधलं भाषांतर उघडून बसायची. त्या दुपारी याकोवोस आत आला. शाळेतला नवा बदली शिक्षक, प्राचीन ग्रीक शिकवणारा.

"भाषांतर वाचताय?" तो म्हणाला. "म्हणजे लुकुमी कागदासकट खाल्ल्यासारखं झालं."

"कागद असला तरी साखर लागतेच की हो. काल मी रडले, ती या भाषांतरावरच."

"मूळ वाचलं असतंत तर..."

"तर आधी शब्दकोशावर रडले असते."

हिवाळाभर हा वाद रंगला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो मूळ ओळी म्हणून दाखवायचा. तिला निम्म्याही उमगत नसत, पण तो थांबला की दुकान रिकामं वाटायचं. तिचं त्याच्यावर मन बसलं होतं. एरवी जिभेला हाड नसलेला हा माणूस त्या एका विषयावर मात्र मूग गिळून गप्प.

जूनमध्ये शाळा संपली. त्याची बदली दूरच्या, सीमेवरच्या बेटावर झाली. धक्क्यावर बॅग खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "से फिलो, असिमिना."

आजच्या बोलीत, ‘तुझा पापा घेतो’; कुणीही कुणाचा निरोप घेताना म्हणतो ते. इतक्या महिन्यांनंतर हे?

"मी पण. पोचलास की फोन कर."

त्याचा चेहरा पडला. "एवढंच?"

"मग काय? माझी मावशी फोन ठेवताना हेच म्हणते. दूधवाल्यालासुद्धा."

"मी... जुन्या अर्थानं म्हणालो. महाकाव्याच्या काळी या शब्दाचा अर्थ..." तो अडखळला, कानापर्यंत लाल झाला.

तिला सगळं उमगलं. पण इतक्यात सोडेल तर ती असिमिना कसली?

"मला मूळ भाषा येत नाही, सर. भाषांतर कर."

"भाषांतरात काहीतरी हरवतं, असिमिना."

"हरवू दे. मला कळेल तरी."

त्यानं तिचे साखरेनं माखलेले हात हातात घेतले आणि मावशीलाही समजेल अशा, रोजच्या भाषेत सांगितलं, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

ती त्याचे हात सोडेना. मागे भोंगा वाजला, साखळ्या खणखणल्या.

"हरवलं ना काहीतरी?" त्यानं घाबरत विचारलं.

"हो," त्याच्या खांद्यावरून समुद्राकडे बघत ती म्हणाली, "तुझी बोट."