ऐनाच्या सालीत उकळलेली पिशवी

दिवा जरा जवळ घे, आन् मी सांगतो तसं लिव. मला लिवावाचायला येत नाय, खोड्या काढायला तेवढ्या येतात. त्यातली ही शेवटची.

सत्तावन्न साल असेल. भाट्याच्या किनाऱ्यावर काळी रेती चाळायची शेड होती. त्या रेतीतून अणूचं इंधन करणार, असं साहेब म्हणायचा. आमी म्हणायचो, आधी चूल तरी पेटव. पंखा धूळ ओढून लांब कापडी पिशव्यांत भरायचा. मुसा पिशव्या झाडायचा, मी शिवायचो. खाऱ्या वाऱ्यानं कापड कुजायचं. दर शनवारी साहेब पिशवी उन्हात धरायचा. आरपार उजेड दिसला की पिशवी बाद.

एक पिशवी पार विरली. मी म्हटलं, "जाळं कुजू नये म्हणून ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळतो ना? हिला पण उकळू."

"गुण्या, साहेबाला बांगडा समजलास काय?" मुसा हसला. पण साल त्यानंच आणली.

पिशवी काळपट लाल झाली. साहेबानं उन्हात धरली... उजेड नाय. शाबास म्हणाला. आमी पोट धरून हसलो. उजेड अडला, पण धूळ कुठं अडते? वर्षभर मुसा तिच्याखाली उभा राहिला. मग खोकला. श्रावणात गेला.

त्याची बायको शमीम, तिनं एवढंच विचारलं, "गुणाजीभाऊ, पिशवी चांगली होती ना?"

"चांगली होती," मी म्हटलं.

पावसानंतर शेड उघडली. भर दुपार. पंखा बंद. पंखेवाला बाबल्या जेवायला घरी गेलेला. तीच एक पिशवी हळूहळू फुगली... बसली... परत फुगली. मधी अडकायची, खोकताना मुसाचा श्वास अडकायचा तशी. ऐनाच्या सालीचा वास, आन् त्यात त्याच्या विडीचा.

"मुसा... खोडी नको रे," मी म्हटलं.

विरलेल्या जागी आता एक भोक पडलं होतं, त्यावर हात ठेवला. आतून ऊन ऊन वारा लागला. भोक शिवायला मी सुई-दोरा काढला, तशी पिशवी तडफडायला लागली.

ती घडी करून शमीमकडं नेली. सगळं सांगितलं. ती रडली नाय. भोकाला गाल लावून किती तरी वेळ बसली.

"शिवू नका, भाऊ," म्हणाली. "श्वास कुठून घेतील ते..."

शमीम वारली त्याला आता तीन वर्षं झाली. घराला कुलूप आहे. खिडकीच्या फटीतून मी बघतो. पिशवी खुंटीला आहे, हलते.

पण आता तिला भोकं दोन आहेत.