बेस न पोहोचणारी जागा

भूत म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, वीज गेलेली लागते, कुत्री रडायला लागतात. इथे यातलं काहीच नव्हतं. रविवारची टळटळीत दुपार होती, पंखा गरगरत होता, आणि हे माझ्या सख्ख्या ताईच्या घरात घडलं. मी तिखटमीठ लावत नाहीये. लावायची गरजच नाही.

भावोजी लोकांच्या घरी स्पीकर बसवून देतात. माणूस कामाला वाघ, पण दिव्याखाली अंधार. स्वतःच्या घरात साधा रेडिओसुद्धा नव्हता.

त्याला कारण होतं बिट्टी, त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिचा ताप डोक्यात गेला आणि ऐकू येणं कायमचं बंद झालं. तेव्हापासून ती हातांनी बोलते. अशा घरात गाणी लावायची तरी कोणासाठी?

मग एकदा भावोजी तिला स्पीकरच्या दुकानात घेऊन गेले. आत गालिचा होता, म्हणून चपला बाहेर. एक मोठा सबवूफर चालू होता. सबवूफर म्हणजे नुसता खालचा, घुमणारा आवाज काढणारं खोकं. त्या आवाजालाच बेस म्हणतात.

बिट्टीने खाली पायांकडे बघितलं...

आणि नाचायला लागली. अगदी तालात!

भावोजींना तिथेच रडू फुटलं. घरी येऊन ताईला म्हणाले, "अगं, पोरीला पायांतून ऐकू येतं!"

त्याच आठवड्यात सबवूफर घरी आला.

आता बेसची एक गंमत असते. तो खोलीत सगळीकडे सारखा पोहोचत नाही. एका कोपऱ्यात छाती हादरते, तर दोन पावलांवर काहीच नाही. म्हणून जुने फिटर एक युक्ती करतात. जिथे बसून ऐकायचं, तिथे खोकं ठेवायचं, आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे बेस सगळ्यात भरीव लागेल, तीच खोक्याची जागा.

रांगायचं काम फिटरचं. पण बिट्टी हट्टाला पेटली. तिच्या तळव्यांइतकं कोणाला कळणार, म्हणून भावोजीही विरघळले.

"जाऊ दे तिलाच," ते म्हणाले.

"घ्या! घोडी झाली तरी परत रांगायला लावताय," ओट्यापाशी उभी असलेली ताई हसली.

सोफ्यावर सबवूफर धडधडत होता. बिट्टी रांगत निघाली. दारापाशी मान हलवली, छान. कपाटापाशी, छान. गॅलरीजवळच्या कोपऱ्यात मात्र ती थांबली.

'इथे नाही,' हातांनी म्हणाली.

भावोजींना नवल वाटलं नाही. प्रत्येक खोलीत अशी एखादी मुकी जागा असते. ते खाली वाकले, फरशीवर तळहात टेकला...

काहीच नाही.

फरशी गार पडली होती. हातभर अंतरावर गॅलरीची काच थडथडत होती, आणि इथे साधी थरथरसुद्धा नाही. त्यांनी खोकं सरकवलं. आवाज वाढवला. खोकं हलवलं की मुकी जागाही सरकते, हे त्यांनी शेकडो घरांत बघितलं होतं.

ही तसूभरही सरकली नाही.

ते मागे वळले. बिट्टी मांडी घालून बसली होती. कोपऱ्याकडे तोंड करून. तिचे हात चालू होते...

मग ती थांबली. समोरच्याचं म्हणणं ऐकताना आपण थांबतो, तशी. मान डोलावली. हसली.

भावोजींनी तिचा खांदा धरून हातांनी विचारलं, 'कोणाशी बोलतेस?'

'बाईंशी. त्यांनाही ऐकू येत नाही.'

'काय म्हणतात त्या?'

'खूप दिवसांनी गाणं लागलं म्हणतात. सगळं मलाच हवं म्हणतात.'

भावोजींनी झटकन सबवूफर बंद केला. तेव्हाच फरशी एकदा थरथरली. बंद केल्यावर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमनला गाठलं, बिल्डरला गाठलं. इमारत कोरी करकरीत. त्यांच्याआधी त्या घरात कोणी राहिलंच नव्हतं. जागेवर आधी नुसतं गवत. कोणी मेलं नाही, गेलं नाही, काही नाही.

"अहो, पोरं खेळतात मनाशी," ताई म्हणाली. पण दर वेळी सबवूफर लावला की ती मुकी जागा गॅलरीपासून थोडी आत आलेली असायची. आधी खोलीच्या मध्यावर. मग सोफ्याच्या पायाशी. आणि बिट्टी सोफ्यावर बसताना शेजारी जागा सोडून बसू लागली...

ते बघितलं आणि ताईचंही धाबं दणाणलं. महिना संपायच्या आत त्यांनी घर सोडलं.

नवं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. या वेळी भावोजी स्वतः रांगले. गुडघे सोलवटले, पण एक इंच सोडला नाही. सगळी खोली भरून घुमत होती. मुकी जागा कुठेच नाही. असं कधीच नसतं, पण आनंदाच्या भरात त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

"बिट्टीला आण!" ते ओरडले.

ती आली. चपला काढून खोलीच्या मधोमध उभी राहिली. भावोजींनी बटण दाबलं. ताईची मांडणीतली भांडी खणखणायला लागली, खिडक्या हादरल्या.

बिट्टी उभीच.

'लाव ना, बाबा,' हातांनी म्हणाली.

लावलेलं होतं.

भावोजी गुडघ्यांवर बसले. तिच्या पावलाशेजारी तळहात टेकला. फरशी गार होती. हात जरा लांब नेला, तर बेसने बोटं झिणझिणली.

त्यांनी वर बघितलं. बिट्टी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती शेजारी बघत होती, मोठ्या माणसाकडे मान वर करून बघावं तशी. आणि तिचे हात अगदी हळू, आर्जवाने हलत होते...

'थोडं मला पण द्या ना.'

भावोजींनी सबवूफर विकलेला नाही. तो लावायची त्यांना भीती वाटते, आणि न लावला तर पोरगी रडते. म्हणून रोज संध्याकाळी ते लावतात आणि ताई स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेते. बिट्टी अनवाणी उभी राहते. बाई कधीतरी तिच्याही वाट्याचं देतील, असं तिला वाटतं.