दहा तासांत पाच युनिट

"बायकोनं हीटर बंद केला आन् माजी आई गेली. एवढं सिद्ध करून द्या, तिला माहेरी धाडतो," कल्याण दरेकर म्हणाला.

माधवरावांनी चहाचा कप खाली ठेवला. कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून ते इंदूताईंच्या तपासात लुडबूड करत; पण असलं गिऱ्हाईक, छे! इंदूताई मात्र शांत होत्या. पॉलिटेक्निकात वीज शिकवणं सोडून त्या खासगी तपासाकडे वळल्या, तेव्हापासून त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

कल्याणनं मोबाईलवर मीटरचे दोन फोटो दाखवले. एक आई गेली त्या संध्याकाळी सातचा, साखर कारखान्यात पाळीवर जाताना बिलाच्या हिशोबासाठी काढलेला. दुसरा पहाटे पाचचा, परतल्यावरचा. "या मीटरवर फकस्त आईच्या खोलीतला हीटर. हजार वॉटच्या दोन कॉइल. दहा तासांत वीस युनिट पडायला पायजे, पडली पाच. म्हंजे अडीच तासांत बंद केला! डॉक्टरनं बजावलं हुतं, खोली गरम ठेवा."

"हिशोब चोख आहे," माधवराव म्हणाले.

इंदूताईंनी पायात चपला सरकवल्या.

मिरजगावात कल्याणच्या घरी त्याच्या आईची, राहीबाईंची, खाट रिकामी होती. हीटर तसाच कोपऱ्यात होता. त्याच्या बायकोशी, रेश्माशी, घरात आठ दिवस कुणी धड बोललं नव्हतं. बिचारीचा चेहरा पार उतरला होता.

"म्या बंद न्हाई केला. आत्याबाईंवर तीन गोधड्या घातल्या. कॉइल लाल हुईना, पन सकाळी जाळीला हात लागला तर चटका बसला."

"हे नवऱ्याला का नाही सांगितलं?"

रेश्मा खाटेवरच्या गोधड्यांच्या घड्या घालू लागली.

शेजारचा वायरमन कानिफनाथ म्हणाला, "रोज सांजच्याला फ्यूज उडायचा. तार पाच अँपियरची. म्हातारी कुडकुडायची. ती गेली त्या दिवशी दुपारी कल्याणनंच हीटरची दुरुस्ती केली. मग मला काय हाक आली न्हाई."

इंदूताईंनी हीटरच्या प्लगला मल्टिमीटर लावला आणि सगळ्यांना बोलावलं.

"एकशे सहा ओहम विरोध. एका कॉइलचे त्रेपन्न. दोन्ही शेजारी शेजारी जोडल्या असत्या, तर साडेसव्वीस भरले असते. मग पावणेनऊ अँपियर वाहतात आणि फ्यूज उडतो. त्या रात्री तो उडाला नाही, कारण कॉइल एकीमागे एक जोडल्या होत्या. विरोध चौपट, म्हणून ताकद पाव. पाचशे वॉट, दहा तास. पाच युनिट."

"अडीच तास पूर्ण तापला तरी पाचच की," माधवराव पुटपुटले.

"तसा तापला असता तर फ्यूज टिकला नसता. आणि रात्री बंद केलेल्या हीटरचा सकाळी चटका बसत नाही. तो रात्रभर चालू होता."

"पन दोनी कॉइल चालू हुत्या की!" कल्याण ओरडला. मग तो हीटरपाशी वाकला. "फ्यूज उडू नये म्हनून... मीच जोडल्या."

"आई थंडीनं गेल्या की आजारानं, हे गणित सांगत नाही. रेश्मानं हीटर बंद केला नाही, एवढंच सांगतं."

कल्याण बायकोकडे वळला. "तुला ठावं हुतं?"

"तुमी जोडल्यापासनं ती लाल झालीच न्हाई."

"मंग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमच्या हातनं झालं म्हनून सांगू?" रेश्माला हुंदका आवरेना. "तुमी जगला असता व्हय?"

कल्याण खाटेपाशी मटकन खाली बसला. "आई गं!" म्हणून त्यानं हंबरडा फोडला. आई गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता.