वेन्याचा भुंगा

रिम्मा पावलोव्हना त्या दिवशी गॅरेजात गेली ती कोबीच्या लोणच्याची बरणी आणायला, आणि जावयाने पोस्टाने पाठवलेला कॅमेरा गाडीला बसवायला. घाबरण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. भरदुपार होती. आता आमच्याकडे डिसेंबरात भरदुपार म्हणजे काळोखच. सूर्य महिनाभर तोंड दाखवत नाही, खांबावरचे दिवे लागले की उजाडलं म्हणायचं, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या दारांची गॅरेजांची रांग आहे. प्रत्येकाच्या खाली तळघर, तळघरात बटाटे आणि बरण्या. बायकोशी वाजलं की पुरुष माणसं तिथे जाऊन गाडीखाली आडवी होतात आणि चांगला मुक्काम ठोकतात. रिम्माचा नवरा वेन्या तर जवळजवळ तिथेच राहायचा.

वेन्याला जाऊन दोन हिवाळे झाले होते. घाटात, वादळात, त्याची गाडी चालता चालता गचकन बंद पडली. तो मदत शोधायला पायी निघाला आणि गोठून पडला. गाडी मात्र दुसऱ्या दिवशी ओढून आणली, तर पहिल्याच किल्लीला सुरू! झालं. गाडीला काय धाड भरलीय, वेन्याच झिंगलेला असणार, असं सगळ्या वस्तीने ठरवून टाकलं. त्या दिवशी त्याने थेंबसुद्धा घेतला नव्हता हे रिम्मा सांगून सांगून थकली. लोक माना डोलवायचे आणि ती वळली की एकमेकांकडे बघून हसायचे. नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण हे हसणं तिला जास्त जाळायचं.

आणि आता तीच गाडी तिला लागणार होती. मुलगी उल्याना पोटुशी, दिवस भरत आलेले. जावई दूर उत्तरेला वायूच्या विहिरींवर, त्याची पाळी संपायला अजून अवकाश. वस्तीतला बाळंतपणाचा दवाखाना कधीच बंद झालेला, दुसरा घाटापलीकडे. वादळ सुरू झालं की बस बंद, आणि रुग्णवाहिका पलीकडेच अडकायची. वेळ आलीच तर त्याच घाटातून, त्याच गाडीतून पोरीला न्यायचं होतं, आणि नेणार कोण, तर रिम्माच.

"कॅमेरा तू बसवणार?" शेजारच्या गॅरेजातला म्हातारा सावेलिच दारात येऊन उभा राहिला. "अगं पावलोव्हना, पडदा शिवायचा नाहीये."

"पडदाच आहे. बघत राहा," रिम्मा म्हणाली.

बाई जन्मभर शिवणकाम करत आलेली. छताच्या अस्तराखालून तिने तार अशी सरकवली, जशी लेंग्यात नाडी ओवावी. अडेल तिथे क्रोशाची सुई. काचेच्या कडेने, दाराच्या रबराखालून, थेट स्टिअरिंगखालच्या फ्यूजच्या पेटीपर्यंत. वरून पाहिलं तर तार आहे असं कुणी म्हणणार नाही. सावेलिचने चष्मा कपाळावर चढवला आणि तो वाकून तार शोधायला लागला, हे रिम्माने बरोबर टिपलं.

टोकाला तीन तारा होत्या. काळी गाडीच्या पत्र्याला. लाल अशा फ्यूजला, जो किल्ली फिरवल्यावरच जिवंत होतो. पिवळी अशा फ्यूजला, जो सदा जिवंत असतो. म्हणजे गाडी बंद करून गेलं तरी कॅमेरा झोपत नाही, जरा खुट्ट झालं की आपोआप टिपून ठेवतो. किल्ली फिरवलेलीच होती. रिम्माने टेस्ट लॅम्पची सुई इथे टेकवली, दिवा पेटला. तिथे टेकवली, तिथेही पेटला. ती खूश झाली आणि तारा खोचून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी बटाटे घ्यायला आली, तेव्हा सहज म्हणून गाडीत बसून, किल्ली फिरवून तिने कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर बघितलं. त्यात एक चित्रण होतं, ती कुलूप लावून गेल्यानंतरचं.

पडद्यावर नुसता काळोख होता. गॅरेजाचं दार आतून जेमतेम दिसत होतं, बंद. बराच वेळ काहीच नाही. मग कुणीतरी श्वास सोडला... कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, गाडीच्या आत. आणि मग आवाज.

टक् टक्... टक्.

रिम्माने चित्रण पुन्हा लावलं. पुन्हा तेच. गॅरेजाची किल्ली तिच्याकडे, गाडीची किल्ली तिच्याकडे. तिच्या हातातली बटाट्यांची पिशवी कधी गळून पडली तिला कळलं नाही, बटाटे गडगडत गाडीखाली गेले आणि ते काढायला वाकायची तिची छाती होईना. गॅरेजात जळक्या रबराचा बारीकसा वास येत होता, जो काल नव्हता.

सावेलिचला तिने ते ऐकवलं. म्हातारा आधी हसला, मग हसायचा थांबला. तिला दंडाला धरून त्याने बाहेर बर्फात नेलं, दार लोटलं, आणि कानाशी कुजबुजला, "विकून टाक."

"आत बोलायला काय झालं होतं?"

"गाडीच्या देखत विकायची भाषा करतात होय? ऐकते ती... रुसली तर रस्त्यात दगा देईल." दृष्ट टाळायला त्याने डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं. "विक, पावलोव्हना. दुसरी घे."

"उल्याचे दिवस भरलेत. दुसरी येईपर्यंत बाळ थांबणार आहे का?"

पुढच्या दिवशी पुन्हा चित्रण होतं, त्याच्या पुढच्या दिवशीही. आता श्वास नव्हता, नुसती टकटक, आणि ती वाढत चालली होती. बंद खोलीत अडकलेला माणूस दार वाजवतो ना, तशी, घाईची. रिम्मा घरी जाऊन रडली. उल्याला काही सांगितलं नाही. पोरगी पोटावर हात ठेवून बसलेली, तिला काय सांगायचं, की तुझ्या बापाच्या गाडीत कुणीतरी आहे म्हणून?

पण शिवणारी बाई ती. कापड हातात घेतल्याशिवाय तिला त्याची खोड कळत नाही. तिसऱ्या चित्रणानंतर तिने डोळे पुसले आणि विचार केला, हे कशावर वाजतंय?

ती गेली, दार आतून लावलं, टॉर्च तोंडात धरला आणि बोटाच्या पेराने गाडी वाजवायला लागली. दार वाजवलं... घणघणीत, हे नाही. काच... नाही. स्टिअरिंग, गिअरची मूठ, समोरच्या कप्प्याचं झाकण... नाही, नाही. प्रत्येक वेळी ती थांबून कान देत होती, कारण तिला वाटत होतं, आपण वाजवलं की कुणीतरी उत्तर देईल. कुणी दिलं नाही. मग ती पायांशी वाकली आणि पेडलांच्या मागे, पत्र्याच्या पोटात हात घातला. बोटांना एक लहानशी प्लास्टिकची डबी लागली. ती तिने वाजवली.

टक् टक्... टक्.

तोच आवाज, तेच सैल झाकण. रिम्माने तोंडातला टॉर्च काढला.

"वेन्या?" ती हळूच म्हणाली. "...तू आहेस?"

जळक्या रबराचा वास एकदम दाटून आला. तिने झाकण उपटलं.

आमच्याकडे जळलेल्या फ्यूजच्या जागी तार खुपसतात, तिला भुंगा म्हणतात. दुकान दूर, थंडी मरणाची, आणि फ्यूज उडाला की पुरुष माणूस म्हणतो, तूर्तास भुंगा बसवू, उद्या बदलू. तो उद्या कधी येत नाही. छपरावरचे दोन मोठे दिवे आणि हिटरचा जादा पंखा वेन्याने हौसेने घरीच जोडला होता, त्याची ही डबी. तिला वीज कुठून घेतली होती, तर थेट इंजिनाच्या ठिणगीच्या तारेतून. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार, जिच्या टोकाला डावीकडे वळलेला फास होता. असा फास वस्तीत एकच डावखुरा माणूस घालायचा. तिच्या सगळ्या पडद्यांच्या तारांना तेच फास होते.

भुंगा कधी उडत नाही, तो नुसता तापतो. डबीचं प्लास्टिक वितळून आत मेणासारखं ओघळलं होतं, इंजिनाची तार निम्मी सुटून नुसती टेकलेली होती. दिवे, पंखा सगळं लावून घाट चढायला लागलं की तापून सुटायची. इंजिन बंद. आणि ओढून आणताना गाडी खड्ड्यांत आदळली, तशी ती पुन्हा टेकली.

"प्यायला नव्हतास," रिम्मा म्हणाली. "मला ठाऊक होतं रे. मूर्खा, फ्यूज आणायला काय झालं होतं तुला!" आणि ती त्या पेडलांपाशी बसून ढसाढसा रडली. भीती कुठल्या कुठे गेली होती.

डबी तिने उखडून फेकली. दिव्यांची आणि पंख्याची तार बॅटरीवरून वेगळी ओढली, मधे नवी डबी, त्यात योग्य मापाचा फ्यूज. इंजिनाची जळकी तार कापून नवी जोडली, सांध्यावर गरम करून आवळणारी रबरी नळी चढवली. चार फ्यूज जास्तीचे खिशात ठेवले. भुंगा रुमालात बांधून घेतला.

त्यानंतर टकटक झाली नाही. उल्याच्या कळा मात्र ठरल्या वेळेआधी सुरू झाल्या, आणि नेमकं त्याच सकाळी वादळ सुटलं. रुग्णवाहिकेने पलीकडून कळवलं, घाट ओलांडता येत नाही. रिम्माने पोरीला गोधड्यांत गुंडाळून मागच्या सीटवर घातलं. निघण्याआधी दोघी आमच्या रिवाजाप्रमाणे क्षणभर गप्प बसल्या. मग रिम्माने किल्ली फिरवली.

घाटात समोर नुसतं पांढरं होतं. नेहमीचे दिवे बर्फाने लिंपून मिणमिणायला लागले, रस्ता दिसत होता तो वेन्याच्या छपरावरच्या दिव्यांनीच. चढावर एका वळणाला लोखंडी क्रूस आहे, त्यावर कागदी फुलांची माळ. वेन्या सापडला ती जागा. गाडी बरोबर त्या क्रूसाशी आली आणि छपरावरचे दिवे फटकन विझले. पंखा थांबला. समोर मिट्ट काळोख.

"आई!" उल्या किंचाळली. "आई, बंद पडली...!"

रिम्माने ब्रेक दाबला. आणि मग तिला ऐकू आलं. इंजिन चालू होतं. घरघर, घरघर, मस्त चालू होतं! फ्यूज उडाला होता, नुसता फ्यूज. जे मरायला हवं तेवढंच मेलं होतं.

ती मोठमोठ्याने हसायला लागली.

"मी इथे मरतेय आणि तू हसतेस काय?"

"कुणी मरत नाहीये! धर टॉर्च!" दाताने हातमोजा ओढून काढत ती वाकली, काळा पडलेला फ्यूज उपटला, नवा बसवला. दिवे असे भडकले की क्रूसावरच्या माळेचं पान अन् पान दिसलं. "बघ वेन्या!" ती ओरडली. "असं करायचं असतं!" आणि गिअर टाकून तिने घाट मारला.

दवाखान्याच्या दारात नर्सने उल्याला घेतलं, आणि रिम्माचा चहा गार व्हायच्या आत आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, वजनदार, लालबुंद, आणि जन्मतःच संतापलेली.

वादळ ओसरल्यावर रिम्मा परतली ती गॅरेजांच्या रांगेत हॉर्न वाजवतच शिरली. सगळे पुरुष बाहेर आले. तिने गाडीच्या बॉनेटवर रुमाल सोडला आणि तो काळा पडलेला भुंगा सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"प्यायलेला हा होता," ती म्हणाली. "माझा वेन्या नव्हता."

कुणी हसलं नाही. एकेकाने टोप्या काढल्या. सावेलिच खाली मान घालून म्हणाला, "चुकलं, पावलोव्हना." आणि मग काय गंमत, एकेक जण हळूच आपापल्या गॅरेजात सटकला, टॉर्च लागले, आणि संध्याकाळपर्यंत रांगेबाहेरच्या बर्फात तारांचे तुकडे येऊन पडत होते. सगळ्यांत जास्त सावेलिचच्या दारातून.

त्याच सावेलिचला मग स्वतःच्या गाडीला कॅमेरा बसवायची हुक्की आली. रिम्माची जोडणी बघायला तो तिच्या स्टिअरिंगखाली घुसला. टेस्ट लॅम्प लावला, पुन्हा लावला. बराच वेळ बाहेर आला नाही.

"पावलोव्हना," तो खालूनच बोलला, आवाज अगदी लहान झालेला. "पिवळी तार तू कुठे खोचलीस?"

"जिवंत फ्यूजला."

"किल्ली काढ बघू."

तिने काढली. टेस्ट लॅम्प विझला.

"हाही किल्लीवरचाच आहे गं. गाडी बंद की कॅमेरा बंद. असंच आहे ना पहिल्यापासून? मग ते... कुलूप लावल्यावरचं... ते टिपलं कुणी?"

रिम्माने किल्ली खिशात टाकली. सावेलिच बाहेर आला, त्याने तार बदलून देतो म्हणून हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. "राहू दे तशीच," ती म्हणाली. म्हातारा डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं करत निघून गेला.

बाळाला घरी आणायचं होतं त्या दिवशी, निघण्याआधी रिम्माने मागच्या सीटला बाळाची नवी खुर्ची पट्ट्यांनी आवळून बांधली. मग पुढे बसून किल्ली फिरवली आणि पडद्याकडे पाहिलं. एक नवं चित्रण होतं.

काळोख. बंद दार. श्वास. आणि मग टकटक... पण ही वेगळी होती. प्लास्टिकवरची नाही, पत्र्यावरची नाही. मऊ, दबकी, गादीवर कुणी मूठ आपटावी तशी.

तिच्या पाठीमागून, जिथे बाळाची खुर्ची बांधली होती तिथून, जळक्या रबराचा बारीकसा वास आला.

रिम्माने किल्ली काढली, बाह्या वर सारल्या आणि टॉर्च घेतला.

"आले, आले," ती म्हणाली. "दाखव. इथे काय करून ठेवलं होतंस?"

आणि तिने बाळाची खुर्ची सोडवून मागची सीट उचलली.