पृष्ठप्रथिनाची साक्ष

चाचणीयंत्रावर लाल दिवा लागला आणि डॉ. नूतन सावे यांनी आपले दोन्ही हात नकळत पदराआड नेले. रक्तात हेपॅटायटिस बी निघाल्यापासून त्या हातांना शस्त्रक्रियेची मनाई होती.

"पॉझिटिव्ह," परवाना समितीचे अध्यक्ष डॉ. बल्लाळ म्हणाले. "बाई, तुमच्या केंद्राचे नवे औषध हरले."

यकृत संशोधन केंद्राच्या संचालिका डॉ. यमुनाबाई कारखानीस ताठ बसल्या होत्या. "घाई नको, बल्लाळ. जुन्या गोळ्या काय करीत?"

"विषाणूच्या नव्या प्रती रोखीत. पण यकृतपेशीच्या केंद्रकात त्याचा मूळ साचा शाबूत राही. गोळी थांबली की प्रती पुन्हा सुरू."

"आमच्या साचाछेदक औषधाने तो साचाच कापला. वर्षभर नूतनची गोळी बंद आहे. रक्तात विषाणू नाही, यकृताच्या नमुन्यात साचा नाही."

"मग हा दिवा?"

"हे यंत्र विषाणू शोधतच नाही. शोधते ते त्याच्या अंगावरचे पृष्ठप्रथिन. विषाणूच्या जनुकांचा एक तुकडा नूतनच्या गुणसूत्रात पूर्वीच शिवला गेला आहे. तो नुसते प्रथिन विणतो. त्यातून विषाणू जन्मत नाही. रिकाम्या अंगरख्याला तुम्ही माणूस समजता?"

बल्लाळ हसले. "उपमेवर परवाना मिळत नाही, बाई. निरोगी माणसाच्या रक्तात हे प्रथिन दाखवा, मग बोलू."

"निरोगी कोण? तुम्ही?"

"ठणठणीत!"

"मग बोट पुढे करा."

थेंब यंत्रात गेला. लाल दिवा लागला.

बल्लाळांचा चेहरा पांढराफटक पडला. "यंत्र बिघडले आहे!"

"यंत्र चोख आहे. काल फाटकातून आत येताना तुम्हांला काय टोचले?"

"तो तुमचा हट्ट! येईल त्या पाहुण्याला हेपॅटायटिस बीची लस…" बल्लाळ मध्येच थांबले.

"आणि त्या लसीत असते काय? हेच पृष्ठप्रथिन, विषाणूवाचून. टोचल्यावर काही दिवस ते रक्तात सापडू शकते. आता सांगा, अध्यक्षमहाशय, तुम्हीही रुग्ण, की नूतनही निरोगी?"

बल्लाळांनी दंड चोळला. मग परवान्याचा कागद पुढे ओढला. "सही कुठे करायची?"

यमुनाबाईंनी नूतनचे हात पदराआडून बाहेर काढले.

"पुरे झाले लपवणे. कोपरापर्यंत हात धू आणि खाली जा. शस्त्रक्रियागृहात रुग्ण तुझी वाट पाहतो आहे. त्याला मी सकाळीच आत घ्यायला सांगितले होते."