फ्रिजमधली किल्ली

मी वळले ती फक्त लिंबाची फोड आणायला. परत आले तर ताटातली एक कोळंबी गायब!

जाहिरातीच्या शूटिंगसाठी सकाळपासून मी ते ताट मांडत होते. पास्त्याचा एकेक लांब धागा चिमट्याने उचलून वळवलेला, कोळंब्या सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बसवलेल्या. माझं कामच ते, खाणं सजवायचं. चवीशी माझा संबंध नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, त्यातले डोंगर मी बनवते! आणि आता ऐन मधोमध भगदाड. समोर एक उंच माणूस उभा, गळ्यात हेडफोन, एक गाल फुगलेला.

"तुम्ही... ती खाल्लीत?"

त्याने घास कसाबसा गिळला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"छान आहे," तो म्हणाला. "फक्त... जरा गोड का लागतेय?"

"कारण तिच्यावर ग्लिसरीन मारलंय. दिव्यांखाली ताजी, ओली दिसावी म्हणून. आणि आतून ती अर्धी कच्ची आहे."

"बाप रे! सॉरी हां. सकाळपासून पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, रेकॉर्डिंगमध्ये त्यांचाही आवाज यायचा."

खरं तर मी त्याला फैलावर घेणार होते. पण मला हसूच फुटलं.

तो आवाज रेकॉर्ड करणारा होता. मी जे ताट दिसायला सजवायची, त्याची चुरचुर, रटरट तो टिपायचा. त्याने हात वर करून नुसतं "श्श..." म्हटलं की अख्खा स्टुडिओ गप्प. म्हणून मी त्याचं नाव ठेवलं चिडीचूप. त्याच्या सवयीही मला हळूहळू पाठ झाल्या. आवाज कितीही सुरेख आला तरी तो म्हणायचा, "एक टेक अजून. खात्रीसाठी." रेकॉर्डिंगच्या आधी तो फ्रिज बंद करायचा, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. आणि बंद करताना स्वतःच्या घराची किल्ली फ्रिजच्या आत ठेवायचा!

"हे काय नवीनच?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. जाताना ती घ्यायला फ्रिज उघडला, की आठवतं, अरे, हा चालू करायचाय. किल्ली ठेवली की मी विसरत नाही."

तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. नंतर नंतर मात्र घरी फ्रिज उघडला की मला उगीचच त्याची आठवण यायची.

मग एके दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "मला एक काम आलंय. लांबच्या बेटांवर पक्ष्यांचे आवाज टिपायचे. सहा महिने. परवा सकाळपर्यंत कळवायचंय... काय करू?"

आणि मी काय म्हणाले? "वा! छान संधी आहे." त्या वाक्यावरही ग्लिसरीनच मारलेलं होतं. तो कपात बघत राहिला. ते मला बघवेना, म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "उद्या संध्याकाळी ये ना माझ्याकडे जेवायला. तुला एकदा... खरी कोळंबी खिलवते."

जेवण निमित्त होतं. तो कळवण्याआधी मला त्याला सांगायचं होतं, जाऊ नकोस. तू मला आवडतोस.

दुसऱ्या दिवशी ताईला फोन लावला.

"पास्ता? तू करणार? खायचा?" ताई हसून हसून बेजार. "अगं, पाणी उकळेपर्यंत काय तो वेळ. बाकी झटपट. लसूण तेलात पडू दे, मिरची घाल, कोळंबी टाक, गुलाबी झाली की गॅस बंद. नाहीतर रबर होईल. आणि पास्त्याचं सगळं पाणी ओतून देऊ नकोस, थोडं तेलात घाल. लिंबू शेवटी... पण काय गं, कोण येतंय?"

"कोणी नाही."

"त्या कोणी नाहीला माझा नमस्कार सांग."

चिडीचूप आला तेव्हा पाणी नुकतंच उकळायला लागलं होतं. बाहेर उजेड मावळत होता, काचेवर वाफ धरली होती. मीठ घालून मी पास्ता सोडला, दुसऱ्या शेगडीवर तेल तापत ठेवलं आणि लसणाचे काप टाकणार, एवढ्यात तो म्हणाला, "एक मिनिट!"

त्याने फ्रिज बंद केला. खिशातून किल्ली काढून आत, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. घर एकदम शांत झालं.

"हां. आता टाक."

लसूण तेलात पडला. चुर्र... मग बारीक बारीक कुजबुज. मिरची, मग कोळंबी, आणि आवाज एकदम भरून आला. तो भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. माइक नाही, हेडफोन नाही. कोळंबी गुलाबी होत गेली, पण मी बघत होते त्याच्याकडे. इतकं सुखी माणूस मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. या माणसाला पक्ष्यांपासून अडवायचं? मी?

त्याच विचारात मी पास्ता कढईत घातला, परतला, दोन ताटं वाढली. धागे वळवले, कोळंब्या एका रांगेत बसवल्या. ताट जरा कोरडं दिसत होतं. ओट्यावरची बाटली घेतली, फवारा मारला, टेबलावर आणलं.

त्याने पहिला घास घेतला. चावता चावता थांबला.

"छान आहे," तो म्हणाला.

"फक्त...?"

"गोड आहे."

मी वळून ओट्याकडे बघितलं. कामावरून आणलेली ग्लिसरीनची बाटली! सवयीने हात तिच्याकडेच गेला होता. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. एवढी तयारी, ताईचे धडे, आणि ऐन वेळी हात दाखवून अवलक्षण. डोळे भरून आले आणि ते लपवायला मी ताटं उचलली.

तो मात्र उठून शेगडीपाशी गेला. "यात काय आहे?"

"ते उरलंसुरलं. तुटलेलं, वेडंवाकडं... दाखवण्यासारखं नाहीये ते."

"मला कुठे बघायचंय? मला खायचंय."

मग आम्ही ओट्याला टेकून, उभ्यानेच, त्याच कढईतून खाल्लं. दोन काटे, एक कढई. लसूण तळाला किंचित लागला होता, लिंबू जिभेला झोंबत होतं.

"खारट झालंय ना रे?"

"झालंय थोडं," तो म्हणाला आणि पुन्हा काटा घातला. या वेळी छान म्हणाला नाही, आणि त्याचाच मला फार आनंद झाला.

कढई रिकामी होत आली तसा तो हळूच म्हणाला, "बोल."

"काय बोल?"

"बोलायच्या आधी माणूस श्वास घेतं. मला ऐकू येतो तो. मी आल्यापासून तू कितीदा तरी घेतलास... आणि गिळून टाकलास."

सगळ्यांना गप्प करणारा माणूस मला बोल म्हणत होता. पाठ केलेलं सगळं मी विसरले.

"मी म्हणणार होते, जाऊ नकोस," मी म्हटलं. "आता नाही म्हणत. लसूण ऐकताना तुझा चेहरा बघितला ना मी... जा तू. उद्या हो कळव. पण तू मला आवडतोस. खूप. हे ऐकून जा."

किती शांत होतं घर! त्याचे कान लाल झाले होते.

"एक टेक अजून?"

"का? आवाज नीट आला नाही?"

"आला. पण... खात्रीसाठी."

मी परत म्हटलं. या वेळी त्याचा हात हातात घेऊन. आणि त्याने माझ्या कानाशी येऊन, अगदी हळू, जे उत्तर दिलं, ते मी कुणाला सांगणार नाही. ताईलासुद्धा.

निघताना त्याने फ्रिज चालू केला. घरघर पुन्हा सुरू झाली.

"किल्ली घे की!" मी म्हटलं.

"राहू दे."

"अरे, घरी कसा जाशील?"

"दादा आहे घरी. तो दार उघडेल." तो चपला घालत होता, मान खाली. मग वर बघून हसला. "किल्ली ठेवली की मी विसरत नाही. सहा महिने सांभाळशील?"

मी मान हलवली.

तो गेल्यावर मी फ्रिज उघडला. दुधाच्या पातेल्याशेजारी किल्ली पडली होती, जरा वेडीवाकडी. सवयीने हात पुढे गेला, थोडी तिरकी ठेवली तर छान दिसेल... मग मी हात मागे घेतला. पातेलं तेवढं बाजूला सरकवलं, तिला ऐसपैस जागा केली, आणि दार लावून टाकलं.